चिमट्यांचं वाण

दिल्लीतलं संक्रांतीचं हळदीकुंकू म्हणजे थंडीशी कुस्ती. हौसेनं काळी साडी नेसायची, पण ती दिसणार कुणाला? वरून स्वेटर, स्वेटरवर शाल, पायात मोजे आणि मोज्यांसकट अंगठ्यात अडकवलेल्या चपला. हळदीकुंकू लावणारीची बोटं इतकी गार असायची की कपाळ दचकायचं. तरी आम्ही सगळ्या जणी धुक्यातून, रिक्षा करकरून, शाळेच्या त्या भाड्यानं घेतलेल्या हॉलमध्ये जमायचो. वर्षभर हिंदी बोलून जीभ आंबलेली असायची. त्या दिवशी पोटभर मराठी.

आणि मग वाण. वाण म्हणजे काय ते आता माझ्या नातीला समजावून सांगावं लागतं. ती म्हणते, ‘‘आजी, रिटर्न गिफ्ट ना?’’ नाही गं बाई. रिटर्न गिफ्ट आवडलं नाही तर तिथेच विसरून येता येतं. वाण नाकारता येत नाही. समोरची देते, आपण पदर पुढे करायचा आणि घ्यायचं. मग ते काही का असेना.

आमच्या मंडळात कितीतरी वर्षं वाण एकच असायचं. कपडे वाळत घालायचे प्लास्टिकचे चिमटे, बाराचा पुडा. दुसरीकडे वाट्या, डबे, फण्या लुटत असतील, आमच्याकडे चिमटे. त्याला कारण खालच्या वहिनी.

आम्ही तेव्हा सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वरच्या मजल्यावर होतो आणि त्या आमच्या खाली. त्यांच्या यजमानांची तब्येत नाजूक, त्यांनी सरकारी नोकरीतून लवकर निवृत्ती घेतली. जे काही हातात आलं ते त्यांनी नोएडात एका शेडमध्ये आणि एका जुन्या मशीनमध्ये घातलं. लोक म्हणाले, वेडे आहेत. पण त्या वेळी नोएडा म्हणजे नुसते आखलेले रस्ते आणि सेक्टरचे आकडे लिहिलेल्या पाट्या, जागा स्वस्त, आणि सरकारचा असा नियम होता की काही काही लहानसहान वस्तू छोट्या कारखान्यांनीच बनवायच्या, मोठ्यांनी त्यात पडायचं नाही, बाहेरच्यांनी तर नाहीच. यजमान दम लागून खुर्चीत बसायचे आणि मशीन वहिनी चालवायच्या. पुढे त्या नोएडालाच राहायला गेल्या, एका सेक्टरात छोटं घर घेतलं, पण आमच्यासाठी त्या ‘खालच्या वहिनी’च राहिल्या. खाली दुसरं बिऱ्हाड आलं तरीही.

मशीनच्या तोंडात वरून प्लास्टिकचा दाणा ओतायचा, आत साचा दाबला जायचा आणि चिमट्याचे अर्धे अर्धे तुकडे खाली पडायचे. त्यात स्प्रिंग बसवायचं काम मशीनचं नाही, बायकांच्या बोटांचं. सेक्टरच्या मागे एक गाव होतं. गावाची शेतं सेक्टरांत गेली होती आणि गावकऱ्यांनी घरांवर खोल्या चढवून बिहारकडून, पूर्वांचलाकडून आलेल्या कुटुंबांना भाड्यानं दिल्या होत्या. त्या खोल्यांतल्या बायकांना लहान मुलं टाकून कारखान्यात जाता येत नव्हतं, म्हणून काम त्यांच्याकडे जायचं. तुकड्यांची आणि स्प्रिंगांची गोणी सकाळी गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाईच्या दाराशी उतरायची. तिला सगळ्या अम्मा म्हणत. दुपारी पोरं झोपली की तिथेच बसून हात चालायचे. संध्याकाळी तयार चिमट्यांची गोणी परत.

मीही एकदा बसले होते त्यांच्यात. पहिलीच स्प्रिंग सुटून उडाली ती कुणाच्या तरी डाळीच्या पातेल्यात. अम्मा म्हणाली, ‘‘दीदी, दाल में तड़का हम लगा लेंगे, आप रहने दो.’’ दोन दिवस माझा अंगठा सुजलेला होता.

वहिनींची चिमटा तपासायची रीत सांगते. दिल्लीत मे महिन्यात आंधी येते ना, धुळीची, तेव्हा बाल्कनीतले कपडे समोरच्या ब्लॉकमध्ये जाऊन पडतात. वहिनी चिमटा दोरीवर लावून ओल्या चादरीला हिसडा द्यायच्या. म्हणायच्या, ‘‘चादर फाटली तर चालेल, चिमटा सुटता कामा नये.’’ वाणासाठी त्या आम्हाला जो रंग उरलेला असेल तो द्यायच्या. एका वर्षी पोपटी, एका वर्षी वांगी. त्यामुळे सरोजिनी नगरात खालून जाताना वर बघितलं की मराठी घर कुठलं ते दोरीवरून कळायचं.

आता आमच्या ह्यांचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. हे परदेशी व्यापाराचं काम बघणाऱ्या मंत्रालयात. साहेब नव्हेत. ठरवणारे वर, टाइप करणारे खाली आणि मधे आमचे हे, फायलीवर टिपण लिहिणारे. देशानं आपली दारं उघडायला घेतली होती ते दिवस. यांचे मोठे साहेब कुठल्या तरी परदेशातल्या, तळ्याकाठच्या गावी बैठकांना जायचे. तिथे सगळ्या जगाचे लोक बसून कोणी कुणाचा माल घ्यायचा ते ठरवायचे. साहेब परत आले की सेक्शनमध्ये प्रत्येकाला एकेक चॉकलेट द्यायचे. हे आपलं खिशात घालून घरी आणायचे. आम्ही तिघं, म्हणजे हे, मी आणि कॉलेजात जाणारी मुलगी, ते सुरीनं कापून खायचो. जगाच्या व्यापारातला आमच्या वाट्याला आलेला तुकडा तो.

माझं शिक्षण बेताचं. पण ह्यांनी आणलेली वर्तमानपत्रं मी रद्दीला घालायच्या आधी वाचत असे, न कळलेलं जेवताना विचारत असे. एकदा हे म्हणाले, ‘‘बाहेरून काय काय आणू द्यायचं नाही, अशी आपली भली मोठी यादी होती. ती आता जायची.’’

‘‘कुठे?’’

‘‘कुठे म्हणजे? संपायची. आपला माल त्यांनी घ्यावा असं वाटत असेल तर त्यांचाही आपल्याला घ्यावा लागतो.’’

‘‘त्यात चिमटे आहेत का?’’

यांनी घास तसाच हातात धरला. म्हणाले, ‘‘असणारच.’’

त्यांनी लपवून ठेवलं नाही हो. त्याच दिवाळीला आम्ही नोएडाला फराळाला गेलो तेव्हा स्वतःहून विषय काढला. ‘‘वहिनी, चिमट्यांचं आता काही वेगळं बघा. बाहेरचा माल मोकळा होतोय.’’

वहिनी चकली तळत होत्या. झारा हातात धरूनच बाहेर आल्या. ‘‘भावजी, मोटारी येतील, टीव्ही येतील. समुद्र ओलांडून चिमटे कोण आणतंय? बोटीचं भाडं तरी निघेल का?’’

सगळे हसलो. त्यांचे यजमान तर ठसका लागेपर्यंत. मीही हसले, कारण मलाही ते पटलं. चिमटा काय, बोटीतून आणायची वस्तू आहे का? आमचे हेही हसले, पण जरा उशिरा. म्हणाले, ‘‘बोटीत नुसते चिमटे नसतात, वहिनी.’’

‘‘बरं बरं. चकली घ्या, ती इथलीच आहे.’’

मधे बरेच दिवस काहीच झालं नाही. मग एकदा सरोजिनी मार्केटमध्ये, परदेशी पाठवायच्या मालातले उरलेले टॉप विकणाऱ्यांच्या रांगेत, एकानं जमिनीवर चादर पसरली होती आणि चादरीवर चिमट्यांचा ढीग. दोन दोन रंगांचे, टोकाला मऊ रबर लावलेले, कपड्याला वळ पडू नये म्हणून. ‘‘आंटी, बाहर का माल है, हाथ लगा के देखो.’’ मी हात लावून बघितला. एक पुडा घेतला आणि पुढच्या रविवारी तो वहिनींकडे नेला.

त्यांनी चष्मा लावला, पक्कड घेतली आणि एक चिमटा उलगडून टेबलावर मांडला. रबर सोलून बघितलं, स्प्रिंग ताणून बघितली, तुकड्याची कड नखानं चाचपली. पुड्याची किंमत विचारली. मग म्हणाल्या, ‘‘एवढ्या पैशांत तर मला नुसता दाणासुद्धा मिळत नाही.’’ आणि थोड्या वेळानं, ‘‘आणि चांगला आहे गं. वाईट असता तर रागावता तरी आलं असतं.’’

मग गोण्या कमी व्हायला लागल्या. रोजची एक दिवसाआड झाली, मग आठवड्याची. दुकानदार तोंडावर नाही म्हणत नव्हते, ‘देखते हैं’ म्हणायचे. वहिनी शेडकडे निघाल्या की अम्मा गल्लीच्या तोंडाशी उभी. ‘‘दीदी, बोरी?’’ गोणी आली का, एवढाच प्रश्न. वहिनी मला म्हणाल्या, ‘‘ह्या बायका भांडत नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. बोरी विचारतात आणि घरात जातात.’’

कुरिअरवाल्या एकाला ती शेड गोदामासाठी हवी होती. रथसप्तमीपर्यंत सांगते, असं वहिनींनी त्याला कळवलं. मला म्हणाल्या, ‘‘मंडळाची वाणाची ऑर्डर आली की मशीन लावते.’’

‘‘त्यानं काय होणार, वहिनी? चारशे पुड्यांनी कारखाना चालतो का?’’

‘‘नाही चालत. मला काय कळत नाही? पण आज बोरी आली, असं अम्माला सांगता येईल. नंतरचं नंतर. शेवटची म्हणून सांगून दिलेली बोरी वेगळी आणि नुसतीच बंद झालेली वेगळी.’’

मला तो फरक तेव्हा नीट कळला नव्हता.

त्या हिवाळ्यात मी मुलीच्या बाळंतपणासाठी नागपूरला गेले. रिटर्न गिफ्ट म्हणणारी ही नात, ती तेव्हाची. संक्रांत तिथेच गेली, मंडळाच्या हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी परतले. मंडळाचं काम त्या वर्षापासून एका तरुण मुलीनं घेतलं होतं. दिल्लीतच वाढलेली, नोएडाच्या एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला, गुणी, उत्साही. मराठी बोलताना दर दोन वाक्यांनी ‘मतलब’ म्हणायची. वाणाचं मी बघते, असं तिनं आपणहून सांगितलं, आणि जुन्या बायकांना वाटलं की मग ती वहिनींना फोन करेलच. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कुणी कुणाला सांगत नाही.

हॉलच्या दाराशी वहिनी भेटल्या. नोएडाहून बस बदलून आल्या होत्या, नाक लाल झालेलं. मी विचारायच्या आत म्हणाल्या, ‘‘या वर्षी फोन आला नाही. स्टीलच्या वाट्या असतील. बरं झालं, किती वर्षं चिमटे द्यायचे लोकांना.’’ पण नजर आत, कोपऱ्यातल्या खोक्यांकडे.

तिळगूळ झाला, उखाणे झाले. मग त्या मुलीनं माईक घेतला. म्हणाली, ‘‘आपल्या मराठी लोकांमध्ये संक्रांतीला चिमटे देण्याची परंपरा आहे. मी लहानपणापासून बघतेय, मम्मी दरवर्षी आणायची. तर मतलब, परंपरा तीच ठेवलीय, फक्त जरा मॉडर्न.’’ आणि तिनं खोकं उघडून वर धरलं. गोल हँगर, छत्रीच्या तारांसारखा, आणि त्याला चहूबाजूंनी लोंबणारे चिमटे. मोजे, रुमाल वाळत घालायला. बाहेरचा माल. टोकाला रबर.

पुढच्या रांगेतल्या आम्ही चारपाच जणींनी वहिनींकडे बघितलं. मागे कौतुक चाललं होतं, किती गोड, किती कामाचं. रांग पुढे सरकत होती. वहिनींची पाळी आली. त्या मुलीनं वाकून, नीट, जशी रीत तसं हळदीकुंकू लावलं आणि हँगर पुढे केला. वहिनींनी शाल बाजूला केली, पदर पसरला आणि घेतला.

मग सवयच ती, एक चिमटा दाबला, सोडला. पुन्हा दाबला. ‘‘स्प्रिंग पक्की आहे,’’ म्हणाल्या. ‘‘कुठून आणलंत?’’

‘‘सदर बाजार, आंटी. होलसेलमध्ये.’’

कुणीतरी त्या मुलीच्या कानाशी लागलं. तिचा चेहरा उतरत गेलेला मला दिसला. ‘‘आंटी, मतलब, मला कुणी बोललंच नाही. मला खरंच वाटलं आपल्यात असतंच चिमट्यांचं. जसा तिळगूळ असतो तसं.’’ रडायलाच आली होती बिचारी.

वहिनी तिच्याकडे बघत राहिल्या आणि मग हसल्या, अगदी मनापासून. ‘‘म्हणजे मी दिल्लीत मराठ्यांचा नवा सण काढला की गं.’’ सगळ्या सुटल्यासारख्या हसल्या. ‘‘छान आहे. मोज्यांना उपयोगी पडेल. यांचे मोजे नेहमी एकेकटे सापडतात.’’

बसस्टॉपपर्यंत मी सोबत गेले. तो गोल हँगर पिशवीत मावेना, वहिनींनी हातातच धरला होता आणि चालताना चिमटे एकमेकांवर आपटून वाजत होते. बस आल्यावर म्हणाल्या, ‘‘रथसप्तमीच्या आधी ये एकदा नोएडाला. येताना तुझा चांदीचा करंडा आण. आणि दोन हात मोकळे ठेवून ये.’’

रात्री जेवताना मी ह्यांना सगळं सांगितलं. ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’, असं ते म्हणू शकले असते. म्हणाले नाहीत. भाताशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, ‘‘त्या बैठकांतल्या करारात आपल्याला मिळालंही बरंच. कापडाचं, कॉम्प्युटरचं. ती मुलगी नोकरी करते ना, तेही त्यातलंच.’’

‘‘मिळालं कुणाला?’’

‘‘देशाला.’’

‘‘मग त्यातलं थोडं अम्माच्या गल्लीत पाठवा ना.’’

हे खोटं बोलत नव्हते, अजूनही मला तसं वाटत नाही. आमच्याच घरात पुढे ज्या सुखाच्या वस्तू आल्या त्या त्याच दारांतून आल्या. पण पानावरून उठताना त्यांनी विचारलं, ‘‘त्या माझ्याबद्दल काही म्हणाल्या का?’’ मी नाही म्हटलं. खरंच काही म्हणाल्या नव्हत्या. त्यावर ते बराच वेळ हात धूत राहिले.

शेडमध्ये वहिनींनी जमीन सारवल्यासारखी स्वच्छ पुसून घेतली होती आणि मशीनवर चादर टाकली होती. शेजारी सतरंज्या. गल्लीतल्या बायका पोरांना कडेवर घेऊन आल्या, अम्मा पुढे. हळदीकुंकू त्यांच्याकडचं नव्हे, पण काहीतरी मानाचं आहे एवढं त्यांना कळलं होतं. कुणी नवी साडी नेसली होती, कुणी नुसतीच वेणी घातली होती. दोघी तिघी मुसलमान होत्या. त्यांनी कपाळाऐवजी हात पुढे केले, वहिनींनी मनगटाला अत्तर लावलं. मी करंडा घेऊन फिरले, वहिनींनी प्रत्येकीच्या पदरात तिळाचे लाडू घातलेली स्टीलची वाटी दिली. मग त्या मशीनला टेकून उभ्या राहिल्या.

‘‘अब बोरी नहीं आएगी,’’ म्हणाल्या.

अम्मानं विचारलं, ‘‘अगले महीने?’’

‘‘अगले महीने भी नहीं.’’

‘‘मशीन खराब हो गई क्या?’’

‘‘नहीं. मशीन ठीक है.’’

हेच समजावायला सगळ्यांत अवघड होतं. मशीन ठीक, साचा ठीक, वहिनी ठीक, बायकांची बोटं ठीक, कुणी आळस केलेला नाही, कुणी भांडलेलं नाही, आणि तरी बंद. वहिनी म्हणाल्या, ‘‘बाहर से बनकर आते हैं अब. सस्ते.’’

एक तरुण बाई पोराला थोपटत म्हणाली, ‘‘हाँ, हमने भी लिए हैं, दीदी. अच्छे हैं.’’ अम्मानं तिला कोपरानं ढोसलं. पण वहिनींनी मान हलवली. ‘‘हाँ, अच्छे हैं.’’

कुणी उठेना. माझ्या मनात आलं की आता रडारड होईल. तशी काही झाली नाही. कोपऱ्यात एक अर्धी गोणी पडली होती, पांढऱ्या तुकड्यांची, स्प्रिंगांचा डबा तिच्यावर. एकीनं ती ओढून मधे घेतली. कुणी सांगितलं नाही. मुठी भरभरून तुकडे घेतले आणि सगळ्यांचे हात चालायला लागले. वहिनीही खाली बसल्या. मीही बसले, ‘दोन हात मोकळे ठेव’ म्हणाल्या होत्या ना. स्प्रिंगा बसल्याचा टकटक आवाज तेवढा चालू होता, मधूनच एखादं पोर. कुंकवाला, हळदीला हात लागलेले, त्यामुळे पांढऱ्या चिमट्यांवर पिवळी-लाल बोटं उमटत होती. एरवी वहिनींनी असा माल मागे पाठवला असता.

शेवटची बोरी वेगळी, असं त्या का म्हणाल्या होत्या ते मला त्या सतरंजीवर कळलं. प्रत्येकीला माहीत होतं की ही शेवटची आहे, आणि कुणीही घाई करत नव्हतं.

गोणी संपली. वहिनींनी तिचं तोंड बांधायला सुतळी हातात घेतली आणि तशाच थांबल्या, कारण बांधून पाठवायची कुठे. तेवढ्यात अम्मा उठली. तिनं आमचं सगळं नीट बघून ठेवलं होतं. माझ्या हातातल्या करंड्यातून बोटभर कुंकू घेतलं, वहिनींच्या कपाळावर लावलं, जरा तिरकंच लागलं. मग तिनं वाकून ओंजळ भरून चिमटे उचलले आणि वहिनींपुढे धरले. ती आपली वाट बघत उभी राहिली, पदर पसरण्याची.

वहिनींनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग पदर पुढे केला.